वैद्य गार्सिया दा ओर्ता आणि लॅटिन भाषा

(द्वितीय वर्ष, कला)

मे महिना लागला की आमच्या पडघ्याला आग्रा रोडच्या कडेला आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. मुंबई-नाशिक गाड्या थांबतात, लोक खिडकीतून हात काढून द्रोण घेतात आणि गाडी पुढे जाते. करवंदाला आमच्याकडे फारसा मान नाही. ते विकत घेण्याचे फळच नव्हे. टेकडीवर जावे, जाळीत हात घालावा, बोटांना चीक लावून घ्यावा आणि खावे. अशा या रानच्या मेव्याचे नाव कुठल्या मोठ्या ग्रंथात असेल असे मला कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षी शेजारच्या मैत्रिणीच्या वनस्पतिशास्त्राच्या वहीत वाळवून चिकटवलेली करवंदाची फांदी पाहिली. ती सायन्सला आहे. फांदीखाली तिने 'कॅरिसा कॅरांडास' असे लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली होती. मला ते इंग्रजी वाटले. ती म्हणाली, नाही, लॅटिन आहे, आणि हे पाठच करावे लागते. मी ते नाव दोन-तीनदा मोठ्याने म्हटले, तेव्हा 'कॅरांडास'च्या आतून आपले करवंदच बोलत आहे असे जाणवले. एवढ्या परक्या भाषेत हे आमचे रानातले नाव कुणी नेऊन ठेवले असेल? इतिहासाच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी एक नाव सांगितले : गार्सिया दा ओर्ता.

वाचक मित्रहो, ज्याची हाडेसुद्धा मरणानंतर जाळली गेली अशा एका वैद्याची ही कथा आहे. या माणसाला लॅटिन उत्तम येत होते. तरी आयुष्यभराचे काम लिहिताना त्याने ती भाषा बाजूला ठेवली, आणि शेवटी जगाला ते काम कळले ते लॅटिनमधूनच.

गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या गावी झाला. स्पेनच्या सरहद्दीजवळचे हे गाव. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पण तेथेही सुख नव्हते. पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. नाव ख्रिस्ती, बाप्तिस्मा ख्रिस्ती. पण घरात शनिवार पाळतात की काय, डुकराचे मांस टाळतात की काय, याकडे शेजाऱ्यांचा डोळा. गार्सिया याच डोळ्याखाली वाढला.

मुलगा हुशार होता. त्याला स्पेनमध्ये सालामान्का आणि अल्काला येथील विद्यापीठांत पाठवण्यात आले. तेथे तो तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकला. त्या काळी युरोपातल्या विद्यापीठात शिकायचे म्हणजे आधी लॅटिन शिकायचे. ही भाषा मूळची रोमन लोकांची. रोमचे साम्राज्य बुडाले, लोकांच्या बोलण्यातून लॅटिन गेली, तिच्या मुली म्हणाव्यात अशा पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन भाषा घराघरांत नांदू लागल्या. पण चर्चमध्ये, कोर्टात आणि विद्यापीठात आईचीच सत्ता राहिली. अध्यापक व्याख्यान देणार लॅटिनमध्ये, विद्यार्थी वाद घालणार लॅटिनमध्ये. ग्रीक वैद्य गॅलनचे ग्रंथ वाचायचे ते लॅटिन भाषांतरात, आणि अरबी वैद्यकाचा मेरुमणी इब्न सीना याचा 'कानून' वाचायचा तोही लॅटिन भाषांतरात.

याचा एक मोठा फायदा होता, आणि तो मान्य केलाच पाहिजे. लॅटिन कुणाच्याच घरची राहिली नव्हती, म्हणून ती सर्वांची होती. लिस्बनचा वैद्य आणि पादुआचा वैद्य एकमेकांची पुस्तके वाचू शकत. शिवाय ती रोज बोलली जात नसल्याने शब्दांचे अर्थ फारसे सरकत नसत. शास्त्राला असा स्थिर शब्द हवा असतो. तोटाही तितकाच मोठा. ज्याला लहानपणी शाळेत घातले नाही त्याला, आणि बहुतेक सर्व स्त्रियांना, या भाषेचे दार बंद. औषधे कुटणारा दुकानदार, जहाजावर जखमा बांधणारा न्हावी, बाळंतपण करणारी सुईण हे सगळे दाराबाहेर.

आपल्याला हे काही नवे नाही. संस्कृतचे असेच होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात डॉ. आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते, पण ते मिळाले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली; पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. ही गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली आहे. मी स्वतः आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. पहिल्या वर्षी काही तासांना अर्धे शब्द डोक्यावरून जात, आणि ज्ञान म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरात बोलली जाणारी भाषा असावी असे मला वाटे. म्हणून ओर्ताविषयी वाचताना मला सारखा एक प्रश्न पडे. जो माणूस दाराच्या आत गेला, तो पुन्हा बाहेरच्यांसाठी का लिहितो?

१५२३ च्या सुमारास गार्सिया पोर्तुगालला परतला. काही वर्षे गावात वैद्यकी केली, मग लिस्बनला गेला आणि तेथील विद्यापीठात शिकवू लागला. म्हणजे लॅटिन येणाऱ्यांतला नुसता एक नव्हे, लॅटिनमधून शिकवणारा अध्यापक. असे सन्मानाचे स्थान सोडून तो १५३४ च्या मार्चमध्ये जहाजावर चढला. मार्तीं आफोन्सो द सोझा हा दर्यासारंग हिंदुस्थानाकडे निघाला होता, त्याचा खासगी वैद्य म्हणून. इन्क्विझिशनचे म्हणजे धर्मन्यायालयाचे सावट पोर्तुगालवर येऊ लागले होते. नवी झाडे आणि औषधे पाहण्याची ओढ खरीच असेल. पण मागे वळून पाहण्याची भीतीही त्याच जहाजावर होती असे मला वाटते. सप्टेंबरमध्ये तो गोव्याला पोहोचला. पुन्हा पोर्तुगालला तो कधीच गेला नाही.

पहिली वर्षे सोझाच्या मोहिमांबरोबर गेली. गुजरात, दीव, वसई हा सारा किनारा त्याने पाहिला. आपल्या ठाण्याजवळची साष्टीतली कान्हेरी लेणी आणि घारापुरी त्याने डोळ्यांनी पाहून त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. नंतर तो गोव्यात स्थायिक झाला. ब्रियांदा द सोलिस या धनिक घरच्या मुलीशी लग्न झाले, दोन मुली झाल्या. १५४९ मध्ये त्याची आई आणि बहिणी पोर्तुगालमधून निसटून गोव्याला येऊन पोहोचल्या. बहिणींना त्यापूर्वी लिस्बनमध्ये इन्क्विझिशनच्या कैदेत राहावे लागले होते.

गोव्यात त्याचे नाव लवकरच झाले. व्हाइसरॉय त्याचे रोगी, पाद्री त्याचे रोगी. इतकेच काय, घाटावरचा अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही त्याला बोलावून घेई. या दोघांच्या मैत्रीतली एक गोष्ट मला फार आवडते. निजामशहा ओर्ताला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी, आणि ओर्ता त्याला तीच नावे लॅटिनमध्ये शिकवी. अहमदनगरच्या महालात बसून एक मुसलमान राजा लॅटिन शब्द घोकतो आहे आणि ज्यू कुळातला एक वैद्य अरबी शब्द घोकतो आहे, आणि आजूबाजूला नोकरचाकर दख्खनी आणि मराठी बोलत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. निजामशहाने त्याला जवळच ठेवून घेण्याची इच्छा दाखवली, मोठे उत्पन्न देऊ केले, पण ओर्ता गोव्यालाच राहिला.

मुंबईकरांना सांगण्यासारखी एक बाब येथेच सांगते. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट या वैद्याला कायमच्या पट्ट्याने दिले. अख्खी मुंबई! वर्षाला ठरावीक खंड भरायचा आणि बेटाचे उत्पन्न घ्यायचे. तेव्हा मुंबई म्हणजे नारळी, भातखाचरे आणि कोळीवाडे. हल्ली एशियाटिक सोसायटीची इमारत आहे तिच्या मागच्या बाजूला त्याचा वाडा होता. पुढे त्याच जागेभोवती इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. आपल्या या बेटावरच्या एका आंब्याच्या झाडाचे ओर्ताला भारी कौतुक. ते वर्षातून दोनदा फळते असे त्याने मुद्दाम लिहून ठेवले आहे. मुंबईचे त्याचे कूळ होडीतून आंब्यांची टोपली घेऊन गोव्याला येते, असा प्रसंगही त्याच्या पुस्तकात आहे.

आता त्या पुस्तकाकडे वळू. १० एप्रिल १५६३ रोजी ते गोव्यात छापून झाले. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. पुस्तकाचे नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ 'हिंदुस्थानातील वनौषधी, औषधे आणि वैद्यकीय वस्तू यांविषयीचे संवाद' असा. एकूण ५९ संवाद. छपाई इतकी सदोष की शेवटी शुद्धिपत्राचीच कितीतरी पाने जोडावी लागली. (आमच्या वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाने हे वाचून धीर धरावा!) याच पुस्तकात पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची एक कविता आहे, छापून आलेली त्याची ही पहिलीच कविता.

पण खरी नवलाची गोष्ट अर्पणपत्रिकेत आहे. आपल्या जुन्या धन्याला, सोझाला, ओर्ता सांगतो की हा ग्रंथ त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये रचला होता आणि आताही लॅटिनमध्येच देता आला असता. तरी त्याने तो पोर्तुगीजमध्ये आणला, कारण अशाने तो अधिक लोकांचा होईल. या देशात राहणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, पोर्तुगीज कळते. म्हणजे विद्वानांच्या भाषेतला तयार ग्रंथ त्याने हाताने उतरवून बाजाराच्या, बंदराच्या भाषेत आणला. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला त्याची येथे आठवण होते. अर्थात दोघांची तुलना करू नये. ज्ञानेश्वरांनी आणली ती येथल्या लोकांची स्वतःची भाषा. ओर्ताची पोर्तुगीज ही येथे राज्यकर्त्यांची भाषा होती. गोव्याच्या शेतकऱ्याला ती लॅटिनइतकीच परकी. हे विसरून ओर्ताला लोकसेवक ठरवणे बरोबर होणार नाही. त्याचे बाहेरचे लोक म्हणजे जहाजांवरचे वैद्य, औषधवाले, व्यापारी, सैनिक. पण जेवढे दार त्याला उघडता आले तेवढे त्याने उघडले.

दुसरी युक्ती त्याने केली ती संवादाची. पुस्तकात दोघे वैद्य बोलतात. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो, हा त्याने कल्पिलेला. रुआनो सालामान्का आणि अल्कालात शिकून नुकताच गोव्यात उतरलेला आहे. त्याच्या पोतडीत ग्रीक आणि रोमन ग्रंथकारांची सगळी वचने भरलेली. आले, वेलदोडा, अफू, कापूर, काहीही निघाले की रुआनो गॅलन काय म्हणतो, प्लिनी काय म्हणतो ते सांगणार. आणि ओर्ता म्हणणार की मी झाड पाहिले आहे, तसे नाही. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती अशी कबुलीही तो एके ठिकाणी देतो. अभ्यासक म्हणतात की रुआनो म्हणजे ओर्ताच, विद्यापीठात शिकलेला तरुण ओर्ता. मला हे पटते. तीस वर्षे येथे राहिल्यावर माणूस आपल्याच विद्यार्थिदशेशी वाद घालतो आहे.

वादाचे खरे कारण पुष्कळदा नावाचे असते. त्या काळच्या औषधविद्येत सर्वांत मोठा घोटाळा नावांचा. एकच मुळी ग्रीकांनी एका नावाने लिहिलेली, अरबांनी दुसऱ्या, लॅटिन भाषांतरकाराने तिसऱ्या. आणि कधी एकाच नावाखाली दोन वेगळी झाडे. युरोपातला वैद्य बाटलीवरचे नाव वाचणार, आत काय आहे ते देव जाणे. लॅटिन शब्द स्थिर असतो असे मी वर म्हटले. पण शब्द स्थिर राहिला आणि वस्तूच हरवली तर काय उपयोग? ओर्ता प्रत्येक वस्तू घेऊन गुजराती तिला काय म्हणतात, दख्खनी लोक काय म्हणतात, मलबारी काय, अरब काय, असे विचारत जातो, आणि मग लॅटिन नावाशी गाठ घालतो. आजच्या भाषेत सांगायचे तर तो परिभाषा कोशच तयार करत होता. फरक इतकाच की त्याने तो बाजारात, बागेत आणि रोग्याच्या अंथरुणाशी बसून केला.

त्यामुळेच या पुस्तकात आपल्या ओळखीचे शब्द जागोजाग भेटतात. वेलदोड्याबरोबरच 'कारांदास' म्हणजे करवंदांवर लिहिले आहे. दहाव्या संवादात बोराबरोबर 'ब्रिंदोंइश' येतात. हे आपले भिरंड, म्हणजे कोकमाचे फळ. 'नेगुंदो' म्हणजे निर्गुंडी, तिला स्वतंत्र प्रकरण. आणि 'मोर्देशी'! हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला काहीच अर्थ लागला नाही. मग कळले, ही आपली मोडशी. आजी अजूनही पोट बिघडून ढाळ लागले की मोडशी झाली म्हणते. पटकीच्या भयंकर साथीचे रोगी ओर्ताने गोव्यात जवळून पाहिले. रोगाने डोळे कसे खोल जातात, नाडी कशी लागत नाही, पोटऱ्यांना गोळे कसे येतात, हे त्याने लिहून ठेवले. आशियातील पटकीचे युरोपियनाने केलेले हे पहिले नीट वर्णन मानले जाते. विद्यापीठाचे लॅटिन नाव त्याला ठाऊक होतेच, तरी येथे लोक काय म्हणतात तेही त्याने सांगितले. पुढे या शब्दाची मोठी गंमत झाली. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशीं' केले आणि फ्रेंचांनी कानाला जवळचे म्हणून 'मोर द शिएं', म्हणजे 'कुत्र्याची मौत' केले. आजीच्या मोडशीचे एवढे धिंडवडे!

ओर्ता काही देवमाणूस नव्हता. येथल्या वैद्यांच्या अनुभवाला तो मान देई, त्यांचे काही उपचार स्वतः वापरी. पण त्यांना शरीररचना कळत नाही, यकृत कुठे नि प्लीहा कुठे हे त्यांना माहीत नाही, असेही म्हणे. त्याच्या घरात गुलाम होते. पुस्तकात आंतोनिया नावाची एक दासी येते. मालकाने हाक मारली की ती एखादे फळ, एखादी मुळी आणून समोर ठेवते आणि आत जाते. दोघे विद्वान मग त्यावर पाने भरून बोलतात. बागेतले कुठले झाड कुठे आहे हे तिला नीट ठाऊक असल्याशिवाय हे होते का? या सबंध पुस्तकात मला सर्वांत जास्त जिज्ञासा आंतोनियाविषयी वाटते. असो. हिंगाचा वास ओर्ताला जगातला सर्वांत वाईट वास वाटे, पण हिंग घातलेल्या भाजीला मात्र त्याने नाव ठेवले नाही. असा हा माणूस होता. आपले पोर्तुगीज बांधव जग फिरतात पण त्यांचे लक्ष फक्त नफ्याकडे, झाडाचे नाव विचारायची त्यांना फुरसत नाही, अशी तक्रारही तो करतो.

पुस्तक निघाले आणि वर्षभरात एक योगायोग घडला. शार्ल द लेक्लूज नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ १५६४ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासात होता. विद्वानांच्या जगात हा क्लुसियस या लॅटिन नावाने प्रसिद्ध आहे. तेव्हा माणसांची नावेसुद्धा लॅटिन करून घेत. त्याच्या हाती ओर्ताचे पुस्तक पडले. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांतॅन या नामांकित मुद्रकाने तो छापला. क्लुसियसने संवाद काढून टाकले. रुआनो गेला, आंतोनिया गेली, आंब्यांची टोपली गेली. उरली ती औषधांची नीट लावलेली माहिती, वर क्लुसियसच्या टिपा आणि चित्रे. मन थोडे खट्टू होते. पण हेही खरे की गोव्याच्या त्या अशुद्ध पोर्तुगीज पुस्तकाच्या थोड्या प्रती लिस्बनपर्यंत गेल्या असतील, आणि लॅटिन पुस्तक युरोपातल्या प्रत्येक विद्यापीठात गेले. त्याच लॅटिनवरून पुन्हा इटालियन आणि फ्रेंच भाषांतरे झाली. बंदराच्या भाषेत जे बंदरापाशीच राहिले असते ते विद्वानांच्या भाषेने उचलून नेले.

याच वर्षांत गोव्यात दुसरेच काही शिजत होते. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आले होते. ज्या सावटापासून ओर्ता पळाला ते सव्वीस वर्षांनी त्याच्या दारापाशी येऊन उभे राहिले. जिवंतपणी त्याला कुणी हात लावला नाही. व्हाइसरॉयचा वैद्य, वयोवृद्ध, प्रतिष्ठित. १५६८ मध्ये तो मरण पावला आणि ख्रिस्ती रीतीने त्याचे दफन झाले. आणि लगेच धर्मन्यायालयाचा हात त्याच्या घरावर पडला. बहीण कातारीना हिला पकडण्यात आले. भाऊ मनाने ज्यूच होता असे कैदेत तिच्याकडून वदवून घेतले गेले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारीनाला गोव्यात जिवंत जाळले. तेवढ्यावरही भागले नाही. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाहीर समारंभात जाळली. राख मांडवी नदीत टाकली असे सांगतात.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १५७९ मध्ये अँटवर्पला त्याच्या लॅटिन पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली. १५८० मध्ये गोव्यात त्याची हाडे जाळली. १५९३ मध्ये अँटवर्पला चौथी आवृत्ती निघाली. गोव्यात ज्याला थडग्यातही राहू दिले नाही तो अँटवर्पच्या छापखान्यात राहिला. लॅटिनचे दार बंद असते असे मी सुरुवातीला म्हटले. पण ज्याला सगळीकडून हाकलले त्याला कधी कधी त्याच दाराआड आसरा मिळतो, हे मला या तारखांवरून प्रथमच कळले.

पुढच्या शतकात ही वाट रुंद झाली. डच अधिकारी व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा प्रचंड ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड लॅटिनमध्ये निघाले. या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि पहिल्या खंडात त्यांचे कोकणी भाषेतले प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. येथे निदान माहिती देणाऱ्यांची नावे तरी राहिली.

मग स्वीडनचा लिनियस आला. त्याने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत पक्की केली. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. ती आजवर चालू आहे. या नावांना लॅटिन म्हणतात खरे, पण आत डोकावले तर त्यात सगळ्या जगाचे शब्द मुक्कामाला आहेत. आंब्याचे 'मँजिफेरा' म्हणजे 'मांगा धारण करणारी'. त्यातला मांगा हा दक्षिणेकडचा शब्द, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. करवंद १७६७ मध्ये 'कॅरांडास' म्हणून नोंदले गेले. निर्गुंडीचे 'व्हायटेक्स निगुंडो' झाले. आणि अमेरिकेतल्या एका मेपल झाडाची पाने निर्गुंडीसारखी दिसली म्हणून लिनियसने त्यालाही तेच नाव दिले, 'एसर निगुंडो'. कोकमाच्या वंशाला काही काळ 'ब्रिंडोनिया' म्हणत, त्यात भिरंड होते. आता कोकम 'गार्सिनिया' वंशात आहे. हे नाव आपल्या गार्सियावरून पडले असे मला वाटले होते आणि मी मैत्रिणीला तसे ठासून सांगितलेही. ते चूक निघाले. ते लोराँ गार्सिन या दुसऱ्याच संशोधकाच्या नावावरून आहे.

आपल्या मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवताना आपण लॅटिनऐवजी संस्कृतकडे गेलो. प्राणवायू, गुरुत्वाकर्षण हे शब्द आता अंगवळणी पडले. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आमच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांतले पुष्कळ शब्द परीक्षेपुरते पाठ करून आम्ही विसरतो. मला वाटते, त्यांत मोडशीसारखे, निर्गुंडीसारखे लोकांच्या तोंडचे शब्द थोडे जास्त हवे होते. ओर्ताने लॅटिन टाकली नाही. आधी लोकांकडून नाव घेतले आणि मग त्याची लॅटिनशी गाठ मारली. आपण पुष्कळदा गाठच मारतो आणि लोकांना विचारायचे राहून जाते.

ओर्ताने ज्या भाषेत पुस्तक लिहिले त्या भाषेत ते नीट वाचायला मिळण्यास मात्र फार काळ लागला. तीनशे वर्षे जगाने त्याला क्लुसियसच्या लॅटिनमधूनच ओळखले. फिकाल्योच्या काउंटने पोर्तुगीज मूळ ग्रंथाची टिपांसह आवृत्ती १८९१ ते १८९५ मध्ये लिस्बनला दोन खंडांत काढली, तेव्हा कुठे रुआनो आणि आंतोनिया पुन्हा बोलू लागले. १९१३ मध्ये सर क्लेमंट्स मार्कम यांचे इंग्रजी भाषांतर लंडनला निघाले. पणजीत चर्चजवळच्या म्युनिसिपल बागेला गार्सिया दा ओर्ताचे नाव आहे. ज्या मांडवीत राख टाकली म्हणतात, ती तेथून थोड्याच अंतरावर वाहते.

हा लेख लिहून झाल्यावर रविवारी मी तो घरी वाचून दाखवला. बाबा भिवंडीला गोदामात कामाला आहेत, चौथीपर्यंत शिकलेले. मुंबई बेट पट्ट्याने दिल्याचे ऐकून त्यांनी खंड किती भरायचा ते विचारले, आणि १,४३२ पार्दाव ऐकून मान हलवली. आजीने मोडशीचा शब्द फ्रान्सपर्यंत गेला हे ऐकून घेतले. निर्गुंडीचे प्रकरण आले तेव्हा तिला गुडघ्याची आठवण झाली, आणि पाणी तापत ठेवून तिने मला मागल्या दारी पाला काढायला पाठवले.